एक रात्र निवळलेलं पाणी

रविवार, ५ जानेवारी

स्पृहाने पुण्याहून ही डायरी पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: "आई, रिटायर झाल्यावर बाबांचं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा." लेक आहे की सासू, कळत नाही. पण कागद चांगला आहे, म्हणून लिहिते.

एकतीस तारखेला निवृत्ती. दिग्रसच्या कॉलेजात चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पुरे झालं. मला त्याचं काही वाटत नाही. आज सहज कपाट आवरायला म्हणून कॉलेजात गेले आणि तीन तास बसून काहीही न आवरता परत आले, एवढंच.

डायरीत नवऱ्याला नावाने लिहिणार आहे. तोंडावर जन्मभर 'अहो' म्हटलं, इथे तरी सदाशिव. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी माझ्या उशाशी आणून ठेवतो आणि प्यायल्याशिवाय चहा देत नाही. पोट साफ, रक्त साफ, बुद्धी साफ. "साठीला आले, आता बुद्धी साफ होऊन करू काय?" म्हटलं, तर म्हणाला, "माझ्यावर चिडणं तरी कमी होईल." पाणी प्यायले.

सोमवार, ६ जानेवारी

माझी शेवटची विद्यार्थिनी वर्षा राठोड. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची मुलगी. बोलते कमी, हात मात्र इतके स्थिर की पाहत राहावं. नखाएवढ्या थेंबातून पिल्लू उचलते आणि त्याला कळतसुद्धा नाही.

तिच्या तांड्याजवळ पाझर तलाव आहे. तो जलपर्णीने पार झाकून गेला आहे. ग्रामपंचायतीने ठरवलंय की तणनाशक मारायचं. कृषी केंद्रवाला फुलचंद एक ड्रम फुकट द्यायला तयार आहे, म्हणतो एकदम निर्धोक. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव होणार. तलावाच्या खालीच तांड्याची विहीर आहे, आणि तलावावर शंभरेक गुरं पाणी पितात. वर्षाचे वडील पूनमसिंग पंचायतीत सदस्य आहेत. ते लेकीला म्हणाले, "नुसतं नोको म्हणून चालत नाही, पोरी. कागद आण, मंग मी बोलतो."

कागद म्हणजे आमची चाचणी. डॅफ्निया नावाचा गोड्या पाण्यातला बारीक जीव असतो, तिळाहून लहान. पुस्तकात त्याला पाणपिसू म्हणतात. वर्षा त्यांना पोरी म्हणते, त्यामुळे आता मीही. एका दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची. औषधाच्या वेगवेगळ्या मात्रेच्या पेल्यांत पाच-पाच सोडायची आणि अठ्ठेचाळीस तासांनी पेला हलकेच हलवून पाहायचं, किती पोहतात नि किती थांबल्या. पाण्यात काही वाईट असलं तर ते आधी यांना कळतं, मग माशांना, आणि माणसांना सगळ्यांत शेवटी.

सोबत औषध न घातलेल्या साध्या पाण्याचे चार पेले ठेवायचे, त्यात वीस पोरी. त्याला कंट्रोल म्हणतात. साध्या पाण्यातल्याच दोनाहून जास्त थांबल्या, तर सगळी चाचणी रद्द. मग औषधाबद्दल एक शब्द बोलायचा हक्क नाही.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, म्हणून चाचणीचं पाणी तांड्याच्या विहिरीचं. मी सांगून ठेवलं होतं, एक रात्र निवळू द्या. वर्षाच्या आजीने, धनीबाईंनी, ते किती मनावर घ्यावं! पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, हंडा चिंचेने घासून सोन्यासारखा केला, रात्रभर झाकून ठेवला, त्याला हात लावला म्हणून नातवाला धपाटा दिला, आणि सकाळी कॅन भरून वर्षाला एसटीत बसवलं. आमच्या लॅबमध्ये अशी एक बाई असती तर मी वीस वर्षं कमी ओरडले असते.

अकरा वाजता चाचणी लावली.

बुधवार, ८ जानेवारी

औषधाच्या पेल्यांतल्या थांबल्या. ते ठीक. साध्या पाण्यातल्या वीसपैकी चौदाही थांबल्या. चाचणी रद्द.

वर्षा भिंगातून कितीतरी वेळ पाहत होती. मग म्हणाली, "मॅडम, यायले काय झालं? यायले तं आपन काहीच नाही देल्लं."

शुक्रवार, १० जानेवारी

साबण. दुसरं काय असणार? लॅब अटेंडंट डोमाजीने पेले साबणाने धुतले असणार. त्याला बोलले. तो म्हणाला, "मॅडम, तीस साल झाले, तुमच्या पेल्याले म्या साबन लावला नाही." मी म्हटलं, मग पोरी काय दुःखाने मेल्या? तो झाडू घेऊन निघून गेला.

सगळे पेले आम्लाने धुतले, मग पाच पाण्यांनी. आता काय बिशाद.

सोमवार, १३ जानेवारी

वर्षा शनिवारी घरी जाऊन ताजं पाणी घेऊन आली. पोरी मेल्या हे ऐकून धनीबाई रडल्या म्हणे. "मायेच्या पानीत काय कमी पडलं व?" असं विचारत होत्या. या वेळी हंडा दोनदा घासला. हिच्या घरी आजी आणि माझ्या घरी सदाशिव. पाण्यावर इतका जीव टाकणारी माणसं दोन्हीकडे असताना मला अपयश येणं शक्य नाही.

दुसरी चाचणी लावली. ग्रामसभेला तेरा दिवस.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या बिघडल्या, दगड झाल्या. सदाशिवने दोन खाल्ल्या आणि "छान खुटखुटीत झाल्यात" म्हणाला. डोमाजीला तिळगूळ द्यायचा राहिला. तो आज आलाच नाही समोर.

बुधवार, १५ जानेवारी

वीसपैकी सतरा.

संक्रांतीला गोड बोला म्हणतात. मी एक दिवसही थांबू शकले नाही. सगळ्यांसमोर वर्षाला म्हटलं, "हे काम तुझ्याच्याने होत नसेल तर आधीच सांगायचं होतं. माझी शेवटची पोरगी तू, आणि हे असं." तिने मान खाली घातली. रडली नाही. पेले एकेक करून रिकामे केले, मेलेल्या पोरींचं पाणी कडुनिंबाखाली ओतलं आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं: चाचणी दोन, रद्द.

घरी येऊन सदाशिवला सगळं सांगितलं. तो शेंगा सोलत होता. म्हणाला, "वर्षाचा हात चुकतो असं तुला खरंच वाटतं?"

"नाही."

"मग बोललीस काहून?"

आजवर इतकी मुलं गेली हाताखालून, पण हिच्यावर माझा जीव आहे, आणि मी तिला रडकुंडीला आणलं. ही चाचणी फसली तर माझ्या निरोपाचं काय होईल, हा विचार डोक्यात घुसला होता आणि तिच्या तलावाचा नव्हता. लाज वाटते आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

वर्षाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम. माही दादी तुमच्याहून जास्ती वरडते." मग दोघी हसलो.

सदाशिव म्हणतो, विहीर पाहून ये. मी म्हटलं, विहिरीत काय पाहायचं, मी काय पाणक्या आहे? शनिवारची बस किती वाजता आहे ते त्याने आधीच विचारून ठेवलं होतं.

शनिवार, १८ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

मी, वर्षा आणि सदाशिव. पुसदला एसटी बदलली, फुलसावंगीहून ऑटो केला. तांडा तलावाच्या चढावर. तलाव म्हणजे हिरवं कुरण दिसतं, वर जांभळी फुलं. एक म्हैस त्यात गळ्यापर्यंत उभी होती. विहीर पाहिली. पाणी नितळ, कठड्याच्या कपारीत बेडूक. दोरीच्या बादलीने पाणी काढून भिंगाखाली धरलं, तर आमच्या पोरींच्या चुलत बहिणी मजेत पोहत होत्या! म्हणजे विहिरीचं पाणी मारत नाही. मग वाटेत होतं काय? कॅन? पण कॅनचा वास घेतला, धुऊन पाहिला, तो नवा.

धनीबाईंनी अंगणात घोंगडी टाकली. सत्तरीच्या पुढच्या, उन्हाने रापलेल्या, हातभर बांगड्या. मला म्हणाल्या, "बेस याडी, बेस." याडी म्हणजे आई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी बाई मला आई म्हणते, हे ऐकूनच मी निम्मी विरघळले. ओसरीवर तो हंडा होता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि डोळे दिपत होते.

त्यांनी स्टीलच्या पेल्यांत ताक आणलं. सदाशिवची नजर हंड्याशेजारच्या छोट्या तांब्याच्या गडूवर. त्याला राहवेना. म्हणाला, "आजी, आम्हाला त्या तांब्याच्या भांड्यात द्या ना. तब्येतीला चांगलं."

धनीबाई हसायलाच लागल्या. "साहेब, शिकले सवरले तुमी. ताक कोनी तांब्यात घेते काय? कळकते ना ते. तांबं उतरते त्याच्यात. हिरवं होते, मळमळते."

सदाशिव ओशाळून हसला. मी पेला तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

तांबं उतरतं.

पंचवीस वर्षं मी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय की गोड्या पाण्यातल्या या जिवांना तांबं अतिशय विषारी, चिमटीभर तलावाला पुरे. ताकात डोळ्यांना दिसण्याइतकं उतरतं. पाण्यात तितकं नाही, आपल्याला कळतही नाही, बाधतही नाही. पण त्या तिळाएवढ्या पोरींना तेवढं पुष्कळ. आणि चिंचेने नुकत्याच घासलेल्या हंड्यात रात्रभर! मीच सांगितलं होतं निवळू द्या म्हणून. कशात, ते सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही, कारण तांब्याच्या हंड्यातलं पाणी म्हणजे आपल्या लेखी शुद्ध पाणी. रोज सकाळी उशाशी तेच पिऊन मी कॉलेजात जात होते आणि डोमाजीच्या साबणावर खापर फोडत होते.

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. विहिरीकडे जाताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, दादीले नोका सांगू. ती जेवनार नाही." मी कबूल केलं.

सोमवार, २० जानेवारी

शनिवारची रात्र तांड्यावरच काढली, पाणी काचेच्या बरण्यांत निवळू दिलं आणि काल घेऊन आलो. माझ्या लोणच्याच्या बरण्या सदाशिवने आम्लाने, मग गरम पाण्याने धुऊन शनिवारी पिशवीत बरोबर घेतल्याच होत्या. कशाला विचारलं, तर म्हणाला, "तू काहीतरी आणशीलच म्हणून." धनीबाईंनी विचारलं, हंड्यात काहून नाही? वर्षा म्हणाली, "भारी होते दादी एसटीत." धनीबाई चुलीकडे वळल्या. सुटलो.

डोमाजीला सगळं सांगून माफी मागितली. उरलेल्या दगडी वड्या दिल्या. त्याने एक तोडून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, साबन परवडला असता."

तिसरी चाचणी, अकरा वाजता.

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी दहाला लॅबच्या दारात धनीबाई. पहाटेच्या गाडीने एकट्या आल्या. काखेत पिशवी, पिशवीत काचेची बाटली.

"हे हंड्यातलं पानी हाय, रातचं," म्हणाल्या. "याच्यात टाक पोरी. माह्यासमोर."

वर्षाचं तोंड उतरलं. "दादी, कायले?"

"ताकाचं म्या बोलली अन् याडीनं पेला खाली ठेवला. मंग तुमी दोघी कानात बोलल्या. मंग बरन्या आल्या. मी काय आंधळी हाय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. म्हणणार होते, उद्या कळवते, तुम्ही घरी जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं. पाच पोरी त्या पाण्यात सोडल्या. शेजारी पाच बरणीच्या पाण्यात. त्यांना स्टूल दिलं, भिंग दिलं. डोळा कसा लावायचा ते एकदाच दाखवावं लागलं. दुपारी सदाशिव तिघींचा डबा घेऊन आला. धनीबाई जेवल्या नाहीत. चारच्या सुमारास त्यांनी स्वतःच पेला उचलून हलकेच हलवला, वर्षा हलवते तसा. एकही हलली नाही. शेजारच्या पाचही पोहत होत्या.

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि बाटली घेऊन निघाल्या. राम राम नाही, काही नाही. वर्षा मागे पळाली, तर तिलाही हाताने थांबवलं. माझ्यावर फार रागावल्या असणार. बरोबरच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मायेचं काय होतं ते मी त्यांना भिंगातून दाखवलं. नको होतं दाखवायला.

बुधवार, २२ जानेवारी

कंट्रोल: वीसपैकी वीस पोहतात! वर्षाने तीनदा मोजलं, मी चारदा.

औषधाचा हिशोबही लागला. फुलचंदच्या मापाने ड्रम ओतला तर सध्याच्या तलावात जेवढी मात्रा होईल, तिच्या चौथ्या हिश्श्यातच निम्म्या पोरी दोन दिवसांत थांबतात. पूर्ण मात्रेत एकही उरत नाही. वर्षाने कागद केला, मी सही केली.

धनीबाईंचा फोन नाही. वर्षा म्हणते, दादी गप्प गप्प आहे, हंडा पालथा घालून ठेवलाय.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन होऊन शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. मी आणि सदाशिव मागे खुर्च्यांवर. पूनमसिंगांनी लेकीला पुढे बोलावलं. वर्षाने कागद वाचला, हात स्थिर, आवाज मात्र बारीक. लोक ऐकत होते पण चुळबुळत होते. फुलचंद उभा राहिला. भला माणूस आहे, दुष्ट नाही. म्हणाला, "पोरीनं मेहनत केली, मान्य. पन हे किडे हायेत बाप्पा, तिळाएवढे. किड्यायचं अन् आपलं काय? साफ तलाव पाहिजे की नाही?" लोक हसले. सरपंच म्हणाले, मग घ्या ठराव.

मी उठणार होते. माझ्या आधी धनीबाई उठल्या. बायकांच्या घोळक्यातून, हातात तोच हंडा. तांड्यात त्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलतात. आज फुलचंदलाही कळावं म्हणून सगळं मराठीत बोलल्या. जसं ऐकलं तसं लिहिते.

"या हंड्याचं पानी तुमी सारे पेले. लग्नात पेले, मयतीत पेले. या मॅडमनं सांगतलं, एक रात निवळू द्या. म्या हंडा चिंचेनं घासला, पानी गाळलं, फडकं बांधलं. त्या बारक्या पोरी दोन डाव मेल्या. मंग मी गेली दिग्रसले. तिसऱ्या डावाले म्या माह्या डोयानं पाह्यलं. दुपारपावतर पोहून राह्यल्या होत्या, मंग एकेक खाली बसली. म्या माराले नव्हतं देल्लं. फुलचंदभाऊ बी माराले नाही देऊन राह्यला, मले मालूम हाय. पन साफ दिसते ते सारं साफ नसते, बापा. मायेनं देल्लेल्या पान्यानं मेल्या, तं ड्रमातल्यानं जगतीन काय?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "विहीर खालीच हाय ना आपली." मग बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. शेवटी ठराव झाला की औषध मारायचं नाही. जलपर्णी हाताने ओढायची, घरटी एक माणूस, होळीच्या आत तलाव मोकळा. फुलचंदने ड्रम परत न्यायचं कबूल केलं आणि वर दोरखंड देतो म्हणाला.

मी धनीबाईंकडे गेले. त्यांनीच माझा हात धरला. "त्या दिशी रागावली नव्हती मी, याडी. बोलाचं काय, ते जुळवून राह्यली होती." मी भर पटांगणात रडले. सदाशिवने रुमाल दिला. तोही रडत होता, त्यामुळे रुमाल ओलाच मिळाला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

निरोपाचं भाषण कुणाला करू दिलं नाही. खोटं कशाला लिहू, मला फार वाईट वाटतं आहे, पाच तारखेपासूनच वाटत होतं.

दुपारी वर्षा प्रबंध घेऊन आली, सहीसाठी. चाळला. पहिल्या दोन चाचण्या त्यात नव्हत्या. मी विचारलं. म्हणाली, "रद्दच झाल्या ना मॅडम. अन् दादीचं नाव कायले खराब?" मी म्हटलं, लाव फोन दादीला. धनीबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "लिही. माह्यं नाव घालून लिही."

प्रबंध इंग्रजीत आहे. ही ओळ मात्र आम्ही मराठीत ठेवली, म्हणजे त्यांना वाचून दाखवता येईल: "चाचणी एक व दोन रद्द. पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवले होते. भांडे कोणते घ्यावे हे मार्गदर्शक प्राध्यापिकेने सांगितले नव्हते. चुकीचे कारण श्रीमती धनीबाई राठोड यांनी दाखवून दिले."

चौतीस वर्षांच्या नोकरीतली माझी शेवटची सही त्या ओळीखाली आहे.